बैलांचा डबा

खामगावची रेल्वे म्हटली की कापसाच्या गाठी डोळ्यांपुढे येतात. १८७० साली लॉर्ड मेयोंनी सुरू केलेला जलंब-खामगाव हा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा कापसासाठीच तर टाकला होता. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून पार मिर्झापूरपर्यंत जायचा. आगगाडीने त्या बैलांचा धंदा बसवला आणि पुढे बैलच माल होऊन गाडीत चढले.

त्यांच्या डब्याची रचना मला कविमनाने नव्हे, तर अब्बांमुळे ठाऊक आहे.

अमेरिकेत गुरांसाठी वेगळे डबे होते. भिंतीच्या फळ्यांमध्ये फटी ठेवलेल्या, म्हणजे वारा खेळावा. मेंढ्या-डुकरांसाठी तर दोन मजले. तिथे १८७३ सालीच कायदा झाला की, अठ्ठावीस तासांच्या आत जनावर खाली उतरवून त्याला चारा, पाणी, विसावा द्यायचा. आपल्याकडे मात्र साधा मालडबाही जनावरांना चालायचा. १९७८ च्या नियमांनी त्यालाच थोडी माणुसकी शिकवली. ब्रॉडगेजच्या डब्यात मोठी जनावरं दहाच, मीटरगेजच्या डब्यात सहा. ती रुळांना समांतर, एकमेकांकडे तोंड करून उभी करायची. छातीशी दोन आडवे दांडे, एक साठ ते ऐंशी सेंटिमीटरवर, दुसरा शंभर ते एकशेदहावर. म्हणजे गाडीला हिसका बसला तरी जनावर पुढे कोसळू नये. एका बाजूचं वरचं दार उघडं, पण त्याला बारीक जाळी. का, तर वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्या आत येऊन गवत पेटू नये. हे डबे गाडीच्या मधोमध जोडायचे. शिवाय प्रत्येक डब्यात एक माणूस हवाच.

तो माणूस म्हणजे आमचे अब्बा. १९७२ च्या दुष्काळात चारा संपला, तेव्हा एका व्यापाऱ्याची जनावरं घेऊन ते मलकापूरहून भुसावळमार्गे सुरतेकडे निघाले. त्यांत आमची विकलेली जोडीही होती. मी तेव्हा लहान. हे सगळं पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. भुसावळ सोडल्यावर रात्री आमचा तांबडा पाय घसरून बसला. डबा भरणाऱ्याने फळ्यांवर काहीच अंथरलं नव्हतं. शेणामुताने ओली झालेली फळी, खूर कुठे रोवणार? अब्बा शेपटी पिरगाळत होते, शिंगांखाली खांदा देत होते. बाकीच्या बैलांना सरकायला जागा नव्हती. सकाळी गाडी थांबली, तेव्हा तांबडा मेलेला होता.

नियमांत एक ओळ आहे : तळाला तणसाचा किमान सहा सेंटिमीटरचा थर हवा, जनावर बसलंच तर इजा होऊ नये म्हणून. सहा सेंटिमीटर म्हणजे चार बोटं. कॉलेजात असताना मी ती ओळ अब्बांना वाचून दाखवली. त्यांनी चार बोटं जमिनीवर आडवी ठेवून पाहिली आणि विचारलं, "हे कधीचं आहे?" मी साल सांगितलं.

तांबड्याचा कासरा त्यांनी सुरतेहून परत आणला होता. तो गोठ्यातल्या खुंटीवर असे. एकदा अम्मीने त्यावर कपडे वाळत घातले. अब्बा रागावले नाहीत. कपडे काढून घडी केले आणि कासरा पुन्हा खुंटीला अडकवला.