हंड्यावरचं नाव

भाच्याने घर घेतलं. वास्तुशांतीला काय द्यायचं यावर आमच्याकडे दोन दिवस खल चालला होता. घड्याळ? फुलदाणी? गणपती तर त्याच्याकडे चार तरी येणारच. शेवटी माळ्यावर चढले आणि आजीचा पितळी हंडा खाली काढला.

या हंड्याची गोष्ट घरातल्या मोठ्यांना ठाऊक आहे. लहानांसाठी लिहून ठेवते.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांत शिरलं. नदीकाठचे मातीच्या भिंतींचे कितीतरी वाडे बसले. आजीचं नारायण पेठेतलं दोन खोल्यांचं बिऱ्हाडही गेलं. माणसं तेवढी वाचली.

पाणी ओसरलं तर प्यायला पाणी नाही! शहराच्या नळांना पाणी यायचं ते खडकवासल्याचंच. मग वाड्यांतल्या जुन्या विहिरींवर रांगा लागल्या. पण पाणी भरायचं कशात? लोक चिखलात हात घालून आपापली भांडी शोधत होते. ओळखत होते ती कोरलेल्या नावावरून. आहेराच्या भांड्यांवर नावं घालायच्या पद्धतीला मी लहानपणी हसायचे. आजीने हे सांगितल्यापासून हसणं बंद झालं.

पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती झाल्या. आजीला गोखलेनगरात जागा मिळाली. वास्तुशांत वगैरे कुठली, दूध उतू घालवलं, झालं. कुणी स्टोव्ह आणला, कुणी चार वाट्या. जुन्या वाड्यातली शेजारीण हा हंडा घेऊन आली. तिचंही घर गेलं होतं. चिखलात तिला तिचे दोन हंडे सापडले, त्यातला एक तिने आजीला दिला. त्यावर नाव तिचंच, तिच्या लग्नातलं. आजोबा म्हणाले, घासून काढू. आजी म्हणाली, "देणारीचं आहे, राहू दे." म्हणून आमच्या घरात आजही परक्या आडनावाचा हंडा आहे.

तोच भाच्याला द्यावा असं मनात होतं. पण त्याच्या फ्लॅटमध्ये हंडा शोभेला ठेवतील, पाणी कोण भरणार? शेजारणीने हंडा दिला तो आजीकडे पाणी भरायला काही नव्हतं म्हणून. मग सरळ भाचेसुनेला फोन केला. "तुमच्याकडे काय नाहीये गं?"

थोडी घुटमळली. मग म्हणाली, "मावशी, खरं सांगू? शिडी. पडद्यांसाठी रोज वॉचमनकडून मागून आणतोय."

शिडी घेतली. पाच पायऱ्यांची, ॲल्युमिनियमची. रिक्षात मावेना, तेव्हा टेम्पो केला. फुलदाण्यांच्या शेजारी ती जरा विचित्र दिसली खरी, पण जेवणं व्हायच्या आत भाचा तिच्यावर चढून बल्ब लावत होता.

हंडा पुन्हा माळ्यावर ठेवलाय. चिंचेने घासून, नाव तसंच ठेवून.