जाफरानच्या मागावर

दहाव्या शतकातली ऑक्टोबरची पहाट. तुम्ही अल-अंदलुसमध्ये, अरबांच्या स्पेनमध्ये, वावरात वाकून फुलं खुडताय. ऊन चढायच्या आत, पाकळ्या मिटलेल्या असतानाच हे काम उरकावं लागतं. जांभळ्या फुलात लाल तंतू तीनच. सुकं केशर ग्रॅमभर हवं तर फुलं लागतात दीडशेच्या आसपास. पाठीतून कळ जाते, बोटं पिवळी होतात. शेजारचा म्हातारा टोपली पुढे सरकवतो आणि म्हणतो, ‘अज्-जाफरान’.

त्यातलं ‘अज्’ हे अरबी ‘अल’ उपपदाचं बदललेलं रूप. स्पॅनिश लोकांनी ते शब्दासकट उचललं आणि ‘आसाफ्रान’ केलं. इटालियनांनी उपपद गाळून ‘झाफ्फेरानो’ म्हटलं, फ्रेंचांनी ‘साफ्रां’. रोमनांचं ‘क्रोकुस’ स्वयंपाकघरातून मागे पडलं.

आता १४४४. जर्मनीतलं न्यूरेंबर्ग. शब्द इथे ‘साफ्रान’ होऊन पोचलाय. भेसळीचं केशर विकणाऱ्या योब्स्ट फिंडेकरला त्याच्याच मालासकट जाळण्याची शिक्षा झालीय. धूर डोळ्यांत जातो. इतक्या मोलाच्या मालाशी असं क्रौर्यही जोडलेलं आहे, आणि ते सांगायला हवं.

तिथून थेट गोवा, १५६३. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ छापून झालाय. त्यातली मोलकरीण आंतोनिया मालकाने मागितलेले नमुने आणून दाखवते. पानं उलटता उलटता तुम्ही ‘असाफ्रांव द तेर्रा’वर थांबता. या मातीतलं केशर! वर्णन वाचता आणि चकित होता: ही तर आपली हळद.

मला सगळ्यात जास्त भावतं ते इथलंच. हिब्रूत ‘कर्कोम’ म्हणजे केशर, पण त्याच कुळातला अरबी ‘कुर्कुम’ हळदीकडे आला आणि लॅटिनने त्यावरून ‘कुर्कुमा’ घेतला. मग पोर्तुगीजांच्या तोंडून केशराचं दुसरं नावही हळदीलाच मिळालं. यात केशराचा अपमान मला दिसत नाही. घरोघरी सहज मिळणाऱ्या पिवळ्या मुळाला लोकांनी महागड्या तंतूंचं नाव दिलं, ते त्याची योग्यता पाहूनच, असं मी मानतो.

आपण मराठी माणसं मात्र संस्कृतातून आलेल्या ‘केशर’लाच धरून राहिलो, ‘जाफरानी’ आपल्याकडे आलं ते पुलावाच्या नावात आणि तंबाखूच्या डबीवर. ब्राझीलमध्ये आज ‘असाफ्रांव’ मागितलंत, तर बहुतेक ठिकाणी दुकानदार हळदच बांधून देतो.