काळीशेजारी काळी

नव्वदच्या दशकात ज्याने स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जोडला, त्याला हे तीन शब्द आजही पाठ असतील: काळीशेजारी काळी. एसएमपीएस म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यातून मदरबोर्डकडे जाणारे दोन कनेक्टर असत, पी-८ आणि पी-९. प्रत्येकात सहा वायरी. दोन्ही दिसायला सारखे, शेजारीशेजारी बसणारे, आणि जागा चुकल्या तरी थोड्या जोराने आत जाणारे. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्या, तर मशीन सुरू होई. त्या दोन टोकांना गेल्या, तर बटण दाबताच मदरबोर्ड जळण्याची भीती. एवढ्या महागाच्या वस्तूचं भवितव्य वायरीच्या रंगावर ठरे, आणि ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या हातात पडणाऱ्या कुठल्याही कागदावर ठळकपणे लिहिलेली नसे. ती हाताखाली शिकावी लागे.

एसएमपीएसच्या पाठीवर आणखी एक सापळा होता. लहानसं लाल बटण, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३०. डबा उघडल्यावर ते ११५ वर असेल आणि कुणी तसंच आपल्या प्लगमध्ये खोचलं, तर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळे. म्हणून जाणता माणूस आधी ते बटण बघे, मग काळ्या वायरी बघे, आणि मगच वीज सोडे. एटीएक्स हा इंटेलचा नमुना १९९५ मध्ये आला. त्यात वीस पिनांचा एकच कनेक्टर होता आणि तो उलटा बसतच नसे. काळ्या वायरींची चिंता मिटली. कुठला भाग कुठल्या भागाशी जुळतो, हा प्रश्न मात्र मिटला नाही. त्याचं रूप बदलत गेलं.

यंत्रमागांच्या भिवंडीला जुळणीचा हा प्रश्न नवा नव्हता. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेली विणकर घराणी या गावात हातमागावर बसली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. पुढे तेलुगू पद्मशाली विणकरही आले. इथल्या कितीतरी शेडमध्ये मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग आणून उभे केले गेले. एकाच छपराखाली दोन वेगळ्या बनावटींचे माग असले, की त्याचा धोटा यात चालेलच असं नसे. धोटा पेटीत सैल बसला तर उडून माणसाला लागतो, घट्ट बसला तर मध्येच अडकून ताणा तोडतो. फणी किती रुंदीची, कांडी किती लांबीची, बीम कोणत्या मागाचा, हे जॉबरच्या हाताला कळे. मोडीतल्या दोन मागांमधून एक चालता माग उभा करणारी ही माणसं. असेंबलरची कला या गावात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी नांदत होती, असं म्हणायला काहीच हरकत नाही.

आणि आवाज. साध्या मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो, आणि दर खेपेला लाकडी दांडा त्याला तडाखा देतो. शेडमध्ये असे डझनांनी माग एकाच वेळी चालतात. तिथला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं. वर्षानुवर्षं तिथे राबलेल्या कामगारांचे कान या खडखडाटाने कायमचे अधू होतात. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ज्या गल्लीत खाली माग आणि वर बिऱ्हाड, तिथे हा आकडा कागदावरच राहतो. भारनियमनाच्या वर्षांत भिवंडीत शांतता पसरे ती वीज गेल्यावर. २६ जानेवारी २००७ पासून इथलं वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं. फ्रँचायझीच्या पद्धतीने वितरण सोपवण्याचा देशातला तो पहिला मोठा प्रयोग. त्याआधी तास न् तास वीज नसे. माग थांबत आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटर असे तोही थांबे.

तो कॉम्प्युटर बहुतेक वेळा लॅमिंग्टन रोडहून आलेला असे. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण बाजार त्याला जुन्याच नावाने ओळखतो. भिवंडीकराने ठाणं किंवा कल्याण गाठायचं, लोकलने दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. पुलावरून उतरलं की पाच-दहा मिनिटांत दुकानांची रांग. आधी हा सिनेमागृहांचा, चित्रपट वितरकांचा आणि रेडिओच्या सुट्या भागांचा रस्ता. कॉम्प्युटर तिथे उशिरा आला, आणि आला तो सरकारी धोरणाच्या पावलांनी.

१९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला होता. १९८१ मध्ये त्याच कंपनीने अमेरिकेत जो पीसी काढला, त्याची रचना उघड होती. त्याचे भाग इतर कंपन्यांना बनवता येत, आणि सुट्या भागांतून पीसी जोडण्याची प्रथा तिथून सुरू झाली. आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने आयातीची दारं किलकिली केली. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला, आणि पुढच्या काही वर्षांत कॉम्प्युटर व त्याच्या बऱ्याचशा भागांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. दुकानदाराने वहीच्या पानावर खरडून दिलेलं कोटेशन मध्यमवर्गाच्या खिशाच्या आवाक्यात आलं. ‘ब्रँडेड घेणार की असेंबल्ड?’ हा प्रश्न घराघरांत विचारला जाऊ लागला. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर-अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यांच्या गावी पोहोचले. त्या वर्गांना स्वस्त मशीन डझनांनी लागत.

दुकानदार तेव्हा विचारी ते एवढंच: गेम खेळणार की टायपिंग? बजेट किती? बिल हवं का? आवाजाचा प्रश्न कुणी काढत नसे. मशीन चालू झालं, हेच पुष्कळ होतं.

एक गोष्ट इथे नीट सांगायला हवी. कॉम्प्युटर जन्मतः गोंगाटी नव्हता. आयबीएमच्या पहिल्या पीसीचा एसएमपीएस अवघा ६३.५ वॉटचा होता आणि पंखा काय तो त्याच्यातलाच. प्रोसेसर उघडाच असे, त्याच्या डोक्यावर ना हीटसिंक ना पंखा. ४८६ च्या पिढीत हीटसिंक आले, पेंटियमबरोबर प्रोसेसरवर पंखा फिरू लागला. मग गिगाहर्ट्झची शर्यत लागली. २००० नंतरच्या एएमडीच्या अॅथलॉन प्रोसेसरवर साठ मिलिमीटरचे चिमुकले पंखे मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेत किंचाळत. २००४ मध्ये पेंटियम ४ ची प्रेस्कॉट ही आवृत्ती आली. तिच्या वरच्या मॉडेलांची उष्णता ११५ वॉटपर्यंत जाई. त्या काळात घरी कॉम्प्युटर लावला की टीव्हीचा आवाज दोन पायऱ्या वाढवावा लागे.

उतार सुरू झाला २००६ च्या जुलैमध्ये. इंटेलचा कोअर टू ड्युओ ६५ वॉटमध्ये आधीच्या भट्ट्यांपेक्षा जास्त काम करू लागला. हार्ड डिस्कमध्ये बॉल बेअरिंगची जागा तेलाच्या पातळ थराने आधीच घेतली होती, २००८ पासून एसएसडी घरच्या मशीनमध्ये येऊ लागली आणि फिरणारी तबकडीच गेली. पंख्यामागचं भौतिकशास्त्रही लोकांच्या ध्यानात आलं होतं. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, आवाज मात्र सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. म्हणून साठ मिलिमीटरचा वेगवान पंखा काढून एकशेवीस किंवा एकशेचाळीसचा संथ पंखा लावणं, हा शांत मशीनचा पाया ठरला.

पण मोठा पंखा म्हणजे मोठा हीटसिंक, आणि जुळणीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. चांगला टॉवर कूलर १५५ ते १६५ मिलिमीटर उंच असतो. कॅबिनेट अरुंद असेल तर बाजूची काच लागत नाही. कूलर रॅमवर झुकलेला असेल आणि रॅमला शोभेची उंच पाती असतील, तर पहिल्या खाचेत रॅम बसत नाही. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ चौरस, मिनी-आयटीएक्स १७० चौरस. मोठं ग्राफिक्स कार्ड तीनशे मिलिमीटर ओलांडतं. डीडीआर-४ रॅमची खाच डीडीआर-५ च्या बोर्डात जुळत नाही. एएमडीचा एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आला तो फक्त डीडीआर-५ घेऊन. इंटेलच्या एलजीए-१७०० मध्ये मात्र काही बोर्ड डीडीआर-४ चे आणि काही डीडीआर-५ चे, नाव जवळजवळ सारखंच. डबा घाईत उचलला की फसगत ठरलेली. २०१८ च्या बी-४५० बोर्डात २०२० चा रायझन बसतो खरा, पण आधी बायोस, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर, नवं करावं लागतं. नाहीतर पंखे फिरतात, पडदा काळा राहतो, आणि नवशिका प्रोसेसर खराब समजून परत करायला धावतो.

परदेशी चाचण्यांमधले आकडे जसेच्या तसे उचलून भिवंडीत मशीन जोडणारा आणखी एका ठिकाणी फसतो. त्या चाचण्या वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. एप्रिल-मे महिन्यात एसी नसलेल्या भिवंडीच्या खोलीत पारा छत्तीस-सदतीसवर असतो. खोली पंधरा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास पंधरा अंशांनीच तापतो, आणि तिकडे ज्या पंख्याची कुजबुज होती तो इकडे ओरडू लागतो. म्हणून इथे एक पायरी मोठा कूलर, ६५ वॉटचा प्रोसेसर आणि गरजेपेक्षा वरचढ एसएमपीएस घेणं यात उधळपट्टी नाही. तीनशे वॉट खाणाऱ्या मशीनला साडेसहाशेचा चांगला एसएमपीएस दिला तर त्याचा पंखा रेंगाळत फिरतो, काही मॉडेलांत फिरतच नाही.

दुसरी गोष्ट यूपीएसची. घरोघरी असणारे स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेले की विजेची गोल लहर देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. आजच्या चांगल्या, अॅक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसपैकी काहींना ती पचत नाही. वीज जाते, यूपीएस टुकटुकतो, आणि मशीन तरीही बंद पडतं. दोन्ही वस्तू निर्दोष, जोडी मात्र चुकलेली. भागांच्या याद्या करणारे बहुतेक लोक यूपीएसला त्या यादीत धरत नाहीत. आपल्याकडे त्याला पहिल्या पाचांत धरायला हवं.

तिसरी गोष्ट दिलासा देणारी. वर्षातले आठ महिने डोक्यावर सीलिंग फॅन चालू असणाऱ्या घरात कॉम्प्युटर त्या फॅनखाली दबला की काम झालं. त्याच्याही पलीकडच्या पाच डेसिबलसाठी दुप्पट पैसे मोजायची गरज फक्त रात्री एसी लावून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना.

हे सगळे भाग आज ज्या वाटेने घरी येतात, त्या वाटेवर भिवंडीचं नाव छापलेलं असतं. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की जकात भरावी लागे, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू होईपर्यंत टिकली. हद्दीबाहेर, मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास, न्हावा-शेवा बंदराच्या पल्ल्यात असलेल्या काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली या गावांत म्हणून गोदामं उभी राहिली. भातशेतीच्या जागी पत्र्याची छपरं आली. ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या कंपन्यांनीही इथेच आपली भांडारं थाटली. नागपूर-कोल्हापुरात ग्राफिक्स कार्डाचा खोका उघडणाऱ्याला बिलावर भिवंडीचा पत्ता दिसतो. भिवंडीतल्या माणसाचा खोका मात्र कधीकधी चार-पाच किलोमीटरवरच्या गोदामातून निघतो.

लॅमिंग्टन रोड अजून चालू आहे. ऑनलाइन मागवलेल्या भागांचं गाठोडं घेऊन येणारे आणि ‘एवढं बायोस करून द्या’ म्हणणारे तिथे भेटतात. काउंटरमागचा माणूस जुना प्रोसेसर खोचतो, पेनड्राइव्ह लावतो, दहा मिनिटांत बोर्ड जागा करतो. काळीशेजारी काळी म्हणणाऱ्यांच्या पिढीचंच हे काम.

भिवंडीत मात्र मशीन जोडून झाल्यावर आणखी एक काम उरतं, जे युरोपातल्या कुठल्याच मार्गदर्शकात नसतं. मागांच्या गल्लीतली हवा सुताचे बारीक तंतू वाहून आणते. जाळी नसलेल्या कॅबिनेटमध्ये ते हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसतात, हवा कोंडते, पंखा वेग घेतो आणि पैसे मोजून आणलेली शांतता दोन-तीन महिन्यांत निघून जाते. म्हणून इथे पुढच्या बाजूला बाहेर ओढून काढता येणारी जाळी असलेलंच कॅबिनेट घ्यावं, आणि आत हवा ढकलणारे पंखे बाहेर फेकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवावेत, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. जाळी महिन्याने बाहेर काढली की तिच्यावर करडा थर जमलेला असतो. कडेला नख घालून उचलला तर तो तुटत नाही, पातळ कापडासारखा अख्खा सोलून हातात येतो.