न लिहिलेल्या पोथीची कुळकथा

१९२७ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टनं एका ग्रंथाची वंशावळ लिहून काढली. स्थानिक संग्रहालयाकडून आलेल्या पत्राची पाठकोरी बाजू त्यानं त्यासाठी वापरली. येमेनमधल्या सना शहराचा अब्दुल अल्हझरेद नावाचा वेडा कवी बाबिलोनचे अवशेष पाहून आला, दहा वर्षं वाळवंटात एकटा राहिला आणि आयुष्याच्या अखेरीस दमास्कसमध्ये त्यानं ‘अल अझीफ’ हा ग्रंथ लिहिला. ७३८ साली भर दिवसा एका अदृश्य प्राण्यानं त्याला फाडून खाल्लं. ९५० मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या थिओडोरस फिलेटासनं त्याचं ग्रीक भाषांतर केलं आणि तेव्हापासून ग्रंथाला ‘नेक्रोनॉमिकॉन’ हे नाव मिळालं. १०५० मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी तो जाळला. १२२८ मध्ये तो लॅटिनमध्ये गेला आणि १२३२ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी त्यावर बंदी घातली. पुढे जर्मनीत आणि स्पेनमध्ये छापलेल्या प्रतींपैकी एक ब्रिटिश म्युझियममध्ये कुलूपबंद आहे, एक पॅरिसला, एक हार्वर्डला.

यातलं ब्रिटिश म्युझियम खरं, पोप खरे, कॉन्स्टँटिनोपल खरं. ग्रंथ मात्र कुठेच नव्हता. लव्हक्राफ्टनं हा इतिहास स्वतःच्या सोयीसाठी लिहिला होता, म्हणजे पुढच्या कथांमध्ये सनावळीचा घोळ होऊ नये. तरीही एक घोळ राहिलाच. लॅटिन भाषांतरकार म्हणून त्यानं ज्या ओलाउस वॉर्मिअसचं नाव घातलं, तो डेन्मार्कचा खराखुरा विद्वान १५८८ ते १६५४ या काळातला, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी पुढचा.

पोथीआधी तिचा कवी जन्मला. पाच वर्षांच्या लव्हक्राफ्टला अरबी सुरस कथांचं वेड लागलं होतं आणि खेळात तो स्वतःला अब्दुल अल्हझरेद म्हणवून घ्यायचा. १९२१ च्या ‘द नेमलेस सिटी’ या कथेत हे नाव प्रथम आलं, पुढच्या वर्षी लिहिलेल्या ‘द हाउंड’मध्ये त्याच्या हाती ग्रंथ आला. ‘अझीफ’ हा शब्द बेकफर्डच्या ‘वाथेक’ या कादंबरीला सॅम्युएल हेन्लीनं जोडलेल्या टिपांमधून उचललेला आहे. एका युरोपीय कादंबरीच्या तळटिपेतून निघालेला अरबी ग्रंथ, असं त्याचं कूळ.

या पोथीची खरी कारागिरी पाहायची तर ‘द फेस्टिव्हल’ या कथेतल्या टेबलावरची पुस्तकं पाहावीत. तिथे जोसेफ ग्लानव्हिलचा १६८१ चा चेटूकविषयक ग्रंथ आहे, रेमिजिअसचा १५९५ मध्ये लिआँला छापलेला ग्रंथ आहे. हे दोन्ही अस्सल, आजही मोठ्या ग्रंथालयांत मिळणारे. त्यांच्या शेजारी अँब्रोज बिअर्सच्या कथेतून घेतलेलं एक कल्पित पुस्तक आणि त्यापलीकडे नेक्रोनॉमिकॉन. दोन खऱ्या साक्षीदारांमध्ये उभा असलेला खोटा माणूस आपण तपासत नाही. लव्हक्राफ्टनं मजकूर जवळजवळ लिहिलाच नाही. त्यानं ग्रंथाला शेजार दिला, शत्रू दिले, बंदी दिली. ‘द डनविच हॉरर’मध्ये तर एक माणूस आपल्या अपुऱ्या इंग्रजी प्रतीतलं ७५१ वं पान हरवलंय म्हणून लॅटिन प्रत बघायला विद्यापीठात येतो. पृष्ठक्रमांक असलेल्या ग्रंथावर अविश्वास दाखवणं फार अवघड असतं.

मराठी वाचकानं थोडं थांबावं अशी एक जागा याच प्रवासात आहे. १९२७ च्याच ‘चार्ल्स डेक्स्टर वॉर्ड’ या कादंबरीत १७४६ साली एक पाहुणा जोसेफ कर्वेनचं ग्रंथालय बघायला जातो. ‘कानून-ए-इस्लाम’ असं ठळक नाव असलेलं पुस्तक तो खाली काढतो आणि उघडून पाहतो तर आत नेक्रोनॉमिकॉन. आता ‘कानून-ए-इस्लाम’ हे खरं पुस्तक आहे. दख्खनचे रहिवासी जाफर शरीफ यांनी ते रचलं आणि मद्रास सरकारच्या सेवेतले शल्यवैद्य हर्क्लॉट्स यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. बारशापासून मयतापर्यंतचे विधी, मोहरम, ताईत, भूत उतरवणं, हे सगळं त्यात बारकाईनं नोंदलेलं आहे. पण ते लंडनला छापलं गेलं १८३२ मध्ये. १७४६ साली कर्वेनच्या कपाटात ते असणं शक्यच नव्हतं. दख्खनच्या घराघरातलं जगणं टिपणाऱ्या, अतिशय मोलाच्या पुस्तकाचं नाव अशा रीतीनं न जन्मलेल्या पोथीचं वेष्टन झालं. जाफर शरीफांचं नाव आज त्या पोथीइतक्या लोकांना ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही पोथी खरी भासवणं एकट्या लव्हक्राफ्टला जमलं नसतं. त्याच्या पत्रमैत्रीतल्या लेखकांनी आपापल्या पोथ्या रचल्या. क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथनं ‘बुक ऑफ आयबॉन’ आणलं, रॉबर्ट ब्लॉकच्या ग्रंथाला लॅटिन नाव लव्हक्राफ्टनंच सुचवलं. हे सगळे एकमेकांचे ग्रंथ आपल्या कथांमध्ये उद्धृत करत. फ्रँक बेलनॅप लाँगनं एका कथेच्या माथ्यावर सोळाव्या शतकातल्या जॉन डी यानं केलेल्या इंग्रजी भाषांतराचा उतारा टाकला आणि लव्हक्राफ्टनं ते भाषांतर लगेच वंशावळीत दाखल करून घेतलं. ‘वियर्ड टेल्स’ मासिकाचा वाचक तीन वेगळ्या लेखकांकडे तोच ग्रंथ बघे, आणि तिघांनी मिळून खोटं बोलावं कशाला, असं त्याला वाटे.

मग वाचकांची पत्रं येऊ लागली की ग्रंथ एकदाचा लिहूनच टाका. १९३६ मध्ये विल्यम मिलर आणि जेम्स ब्लिश या पोरसवदा वाचकांनीही हे सुचवलं. लव्हक्राफ्टनं उत्तर दिलं ते मला त्याच्या कथांइतकंच महत्त्वाचं वाटतं. ग्रंथ हजारेक पानांचा ठरला आहे, तो लिहायचा कोणी? शिवाय नुसतं सूचित करून जी भीती उभी राहते तिचा दहावा हिस्साही प्रत्यक्ष मजकुरातून उभा राहणार नाही, वाचक हिरमुसतील. फार तर सुटी प्रकरणं भाषांतरित केल्यासारखी लिहावीत. पुढच्याच वर्षी, १५ मार्च १९३७ ला तो गेला.

मग मजकूर भरायला दुसरे बसले. १९७३ मध्ये आउल्सविक प्रेसनं काढलेली आवृत्ती मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती वाचताच येत नाही. ३४८ प्रतींची ती आवृत्ती, ड्यूरिअक नावाच्या कल्पित लिपीत. मोजकीच पानं रेखाटून तीच पुन्हा पुन्हा बांधलेली. एल. स्प्रेग द कँपनं प्रस्तावनेत सांगितलं की हे हस्तलिखित इराकमध्ये मिळालं आणि भाषांतराला बसलेले विद्वान एकेक करून नाहीसे झाले.

१९७७ मध्ये न्यूयॉर्कला ‘सायमन’ या टोपणनावानं निघालेला ग्रंथ याच्या अगदी उलट. कातडी बांधणीच्या ६६६ प्रती, १९८० पासून स्वस्त पेपरबॅक. आत मेसोपोटेमियाची सामग्री, मार्दुक देवाची पन्नास नावं, मकलू मंत्र, दारं उघडण्याचे विधी. यातलं बरंचसं मूळ साहित्य खरोखर प्राचीन आहे, पण त्यातून लव्हक्राफ्टची भीती विरून जाते. त्याच्या विश्वात माणसाची दखल घेणारं कोणीच नाही. तिथे कुठला मंत्र कुणाचं रक्षण करत नाही. सायमनच्या ग्रंथात रक्षणाची मुद्रा पानापानावर आहे.

१९७८ ची जॉर्ज हे यांची आवृत्ती जास्त चतुर. जॉन डीचं ‘लिबर लोगेथ’ हे हस्तलिखित खरंच आहे, ४९ बाय ४९ चौकटींत अक्षरं भरलेलं, ब्रिटिश लायब्ररीत जपलेलं. संगणकानं त्याची सांकेतिक भाषा उलगडली आणि आतून नेक्रोनॉमिकॉन निघालं, अशी मांडणी डेव्हिड लँगफर्डनं केली. या खटाटोपात सामील असलेल्या कॉलिन विल्सननं नंतर सगळी बनवाबनवी उघड केली. तरी तिची रीत लव्हक्राफ्टचीच होती, खऱ्या ग्रंथाच्या खांद्याला खांदा लावून खोटा उभा करण्याची.

आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते ती ‘ईव्हिल डेड’ या चित्रपटातली, टॉम सुलिवननं घडवलेली, माणसाच्या चेहऱ्याची पोथी. ती पाहून हौशी कारागीर कागद चहात बुडवतात, कडा जाळतात. खोड काढायची म्हणून सांगत नाही, पण वंशावळीतल्यासारखा पंधराव्या शतकातला जर्मन ग्रंथ असा दिसत नाही. त्या काळचा कागद चिंध्यांचा, तो आजही फिकट आणि लवचिक राहिलाय. तपकिरी पडून तुकडे होतात ते एकोणिसाव्या शतकातल्या लाकडाच्या लगद्याचे. छपाईची शाई तेलात खललेल्या काजळीची, म्हणून काळीच राहते. तपकिरी होते ती समासात हातानं लिहिलेली लोहयुक्त शाई. ज्याला ही पोथी घडवायची आहे त्यानं समासावर मेहनत घ्यावी. एका मालकाची सही खोडून दुसऱ्याची, पाण्याचे डाग, कसरीची भोकं, तपासनीसानं काट मारलेल्या ओळी, कापून नेलेलं ७५१ वं पान. कर्वेनच्या कपाटात ती दुसऱ्याच पुस्तकाच्या नावाखाली खपून गेली होती. चेहऱ्याची बांधणी असती तर पाहुण्यानं हात लावला नसता.

१९३६ साली पत्र लिहिणारा ब्लिश पुढे नावाजलेला विज्ञानकथाकार झाला. १९७० मध्ये त्यानं ‘मोअर लाइट’ ही कथा लिहिली. या वेळी त्यानं नेक्रोनॉमिकॉनला हात घातला नाही. रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ च्या कथांमध्ये ‘द किंग इन यलो’ नावाचं, वाचणाऱ्याला वेड लावणारं एक नाटक आहे, ते त्यानं प्रवेश-संवादांसह लिहिलं. लव्हक्राफ्टशी झालेला पत्रव्यवहारही त्याच कथेत गुंफला. नाटक बरंच पुढे जातं, पण कथेतला वाचक ते संपवू शकत नाही, आणि शेवटचा भाग ब्लिशनं छापलेला नाही.