श्रीमंतांवर हसून झालं, पुढे काय?

१९३३ साली अमेरिकेत कामकऱ्यांपैकी साधारण दर चौथा माणूस बेकार होता. शहरांच्या कडेला पत्र्या-फळकुटांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. माजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या नावाने लोक त्यांना उपहासाने ‘हूवरव्हिल’ म्हणत. आणि त्याच काळात हॉलिवूडच्या पडद्यावर काय, तर बंगले, बटलर, मोत्यांचे हार आणि डोकं फिरलेले श्रीमंत! या सिनेमांना ‘स्क्रूबॉल कॉमेडी’ म्हणतात.

मला हे सिनेमे मनापासून आवडतात. पण ते निव्वळ करमणूक आहेत, हे काही मला पटत नाही.

१९३४ चा फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाईट’ बघा. धनाढ्य बापाची लाडावलेली मुलगी घरातून पळते, साध्या बसमधून प्रवास करते आणि नोकरी गेलेला पत्रकार तिला खरं जग दाखवतो. ओळखीचं वाटतंय ना? राज कपूर-नर्गिसचा ‘चोरी चोरी’ आणि आमिर खानचा ‘दिल है के मानता नहीं’ यांचं मूळ हेच.

त्याहून धारदार आहे १९३६ चा ‘माय मॅन गॉडफ्री’. न्यूयॉर्कच्या बड्या लोकांचा खेळ चाललाय: निरुपयोगी वस्तू शोधून आणायच्या. यादीत एक ‘विसरलेला माणूस’ही आहे! हा शब्द रूझवेल्ट यांनी १९३२ च्या निवडणुकीच्या वर्षात, रेडिओवरच्या भाषणात गरिबांसाठी वापरला होता. सिनेमात एक श्रीमंत पोरगी उकिरड्यावर राहणाऱ्या गॉडफ्रीला त्यासाठी पाच डॉलर देऊ करते आणि स्वतःच राखेच्या ढिगात पडते. थिएटरात बसलेल्या बेकार माणसाला ते बघून किती बरं वाटलं असेल!

पण शेवट नीट बघा. गॉडफ्री मुळात बॉस्टनच्या खानदानी घरातला निघतो. तो शेअर बाजारात पैसा करतो, बुडणाऱ्या मालकाला वाचवतो आणि त्याच उकिरड्यावर नाईटक्लब काढून तिथल्या बेकारांना काम देतो. म्हणजे उपाय काय, तर एक चांगला श्रीमंत माणूस! मजुरी, कर, सरकारची जबाबदारी, यातलं काहीच नाही. श्रीमंतांचा वेडेपणा चव्हाट्यावर येतो, पण त्यांच्या संपत्तीला धक्का लागत नाही.

माझ्या मते या सिनेमांची ताकद आणि मर्यादा दोन्ही इथेच आहेत. तरीही एक गोष्ट मान्य करायलाच हवी. त्या प्रेक्षकाला पैसेवाल्यांचं हसू यायचं. आपण मात्र त्यांच्या लग्नांचे रील बघून डोळे विस्फारतो, जेवणाच्या ताटांची किंमत मोजतो आणि वर कौतुकही करतो. नुसतं हसून विषमता जात नाही, हे खरं. पण ज्याच्यापुढे आपण दिपून गेलो, त्याला प्रश्न तरी कसा विचारणार?