लँडस्टायनर, कार्ल

(१४ जून १८६८ – २६ जून १९४३). ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकन प्रतिरक्षावैज्ञानिक. मानवी रक्तगटांच्या शोधाबद्दल त्यांना १९३० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जन्म व्हिएन्नाजवळील बाडेन येथे. ते सहा वर्षांचे असताना पत्रकार वडील वारले. व्हिएन्ना विद्यापीठातून १८९१ मध्ये वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी एमिल फिशर यांच्याकडे रसायनशास्त्राचे अध्ययन केले. पुढे दहा वर्षांत त्यांनी ३,६३९ शवविच्छेदने केली.

एकाच्या रक्तरसात दुसऱ्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या की त्या एकमेकींना चिकटून पुंजके होतात, हे पूर्वीच दिसले होते. मात्र तो आजाराचा परिणाम समजला जाई. लँडस्टायनर यांनी स्वतःचे आणि पाच सहकाऱ्यांचे, म्हणजे निरोगी माणसांचेच रक्त घेतले. प्रत्येकाचा रक्तरस प्रत्येकाच्या पेशींशी मिसळून पाहिला आणि छत्तीस जोड्यांचा तक्ता मांडला. कोणाचाही रक्तरस स्वतःच्या पेशींचे पुंजके करत नव्हता. इतरांच्या पेशींशी मात्र काही जोड्या जुळत, काही जुळत नसत. हा आजार नसून माणसामाणसांतला नैसर्गिक भेद आहे, हे त्यांनी ओळखले. १९०१ मध्ये त्यांनी ए, बी आणि सी (आजचा ओ) हे गट जाहीर केले. एबी हा चौथा गट १९०२ मध्ये डेकास्टेलो व स्टुर्ली यांनी शोधला. तोवर बेभरवशाचे असलेले रक्ताधान या ज्ञानामुळे सुरक्षित होऊ शकले.

पोलिओ संसर्गजन्य असल्याचे त्यांनी १९०८ मध्ये एर्विन पॉपर यांच्यासह माकडांवरील प्रयोगांतून दाखवले. पहिल्या महायुद्धानंतर ते हेगला आणि तेथून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गेले. फिलिप लेव्हाइन यांच्याबरोबर एम, एन व पी (१९२७) आणि अलेक्झांडर वीनर यांच्याबरोबर आरएच (१९४०) या प्रतिजनांचा शोध त्यांनी लावला. प्रयोगशाळेत काम करतानाच हृदयविकाराचा झटका येऊन दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले.

१९५२ मध्ये वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी नोंदवलेला 'बॉम्बे रक्तगट' याच परंपरेतला. या गटाच्या व्यक्तीच्या पेशींवर एच प्रतिजन नसल्याने तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही.

लँडस्टायनर यांचा जन्मदिन जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो. त्यांची पद्धत आजही रक्तपेढीत रोज वापरात आहे: दात्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तरसात मिसळतात आणि पुंजके झाले नाहीत, तरच पिशवी रुग्णाकडे जाते.