छडी, मार्क आणि इब्न खल्दून

'मारल्याशिवाय विद्या येत नाही' हे वाक्य आपल्याकडे शाळेत ऐकू येते, तसे मक्तबमध्येही. मक्तबमध्ये त्याला कधी कधी परंपरेचा आधार दिला जातो. ती परंपरा नेमके काय सांगते, हे एकदा पाहायला हवे.

नवव्या शतकात आजच्या ट्युनिशियातील कैरवान शहरात इब्न सहनून नावाचे फकीह होऊन गेले. 'आदाबुल मुअल्लिमीन' हे त्यांचे छोटेखानी पुस्तक शिक्षकांच्या वर्तनावरील सर्वांत जुन्या अरबी ग्रंथांपैकी एक आहे. त्यांनी शिक्षा मान्य केली, पण तिला कुंपण घातले. शिक्षकाने रागाच्या भरात मारू नये, डोक्यावर किंवा तोंडावर मारू नये आणि फटक्यांना मर्यादा असावी.

पाच शतकांनंतर ट्युनिसमध्ये जन्मलेले इब्न खल्दून याच्याही पुढे गेले. 1377 साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'त विद्यार्थ्यांशी कठोरपणे वागण्याच्या दुष्परिणामांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. धाकात वाढलेले मूल आळशी होते आणि खोटे बोलू लागते, असे ते सांगतात. मनात एक आणि ओठांवर दुसरे, ही मार चुकवण्याची युक्ती पुढे त्याचा स्वभावच बनते. जुलमी सत्तेखाली राहिलेल्या समाजांचेही तसेच होते, असे त्यांचे निरीक्षण आहे. शिक्षा त्यांनीही पूर्णपणे नाकारली नाही. तीन फटक्यांच्या मर्यादेचे जुने मत ते नोंदवतात. पण भीतीने विद्या नव्हे, लबाडी येते, हे त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले.

भारतात 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. कलम 16 ने आठवीपर्यंत नापास करणेही थांबवले होते. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची वाट पुन्हा मोकळी झाली.

कायद्याने छडीला मनाई केली, तरी भीतीने दुसरे रूप घेतले. वर्गात सर्वांसमोर वाचले जाणारे मार्क आणि घरी शेजारच्या मुलाशी होणारी तुलना छडीचेच काम करतात. मग कॉपी होते, प्रगतिपुस्तकावर खोटी सही होते. त्या मुलाला आपण लबाड म्हणतो. इब्न खल्दून असते, तर त्यांनी आधी विचारले असते, या मुलाला कोणाची भीती वाटते?

मक्तबच्या उस्तादांनी, शाळेच्या गुरुजींनी आणि आपण आईबापांनी हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा.